हुकूम वेगळा, माहिती वेगळी



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की तो महागाई, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार असे श्रोते धरूनच चालतात. आजचा माझा विषय त्यांपैकी नाही. पण पगाराशी त्याचे नाते जवळचे आहे. कामगाराची हजेरी, रजा, फंडाची शिल्लक, हे सारे पूर्वी कारकुनाच्या वहीत असे. वाद निघाला, तर वही उघडून दाखवा असे म्हणता येत असे. आज ती वही संगणकात गेली आहे. तिच्यात एखादे नाव बसले नाही किंवा एखादा अंक गळाला, तर माणूस कामावर असून नसल्यासारखा होतो. म्हणून त्या वहीशी बोलण्याची योग्य रीत कोणती, हा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नाही. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते पुस्तके वाचून आणि संघटनेतल्या तरुण सभासदांना विचारून शिकलो. तेव्हा सांगणार तेही साध्या भाषेतच.

प्रथम दोन भाषांची ओळख करून घेऊ. डेटाबेस म्हणजे आखीव तक्त्यांचा संग्रह. माहिती अशा तक्त्यांत मांडण्याची उपपत्ती आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केली. त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडली. तिलाच आज एसक्यूएल म्हणतात. दुसरी भाषा सी. ती डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली. एसक्यूलाइट आणि पोस्टग्रेस हे आजचे दोन प्रसिद्ध डेटाबेस याच सी भाषेत लिहिलेले आहेत.

आता अडचण अशी, की सी भाषेला एसक्यूएल कळत नाही. एसक्यूएलचा हुकूम तिच्या दृष्टीने नुसती अक्षरांची माळ असते. निरोप्याने बंद पाकीट पोहोचवावे, तसा सीमधला कार्यक्रम ती माळ डेटाबेसच्या हाती देतो. पाकिटात हुकूम कोठे संपला आणि माहिती कोठे सुरू झाली, हे निरोप्याला ठाऊक नसते. साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

उदाहरण घेऊ. संघटनेच्या कचेरीत सभासदांचा तक्ता आहे. गणपत नावाच्या सभासदाची थकबाकी पाहायची आहे. हुकूम असा होतो:

सिलेक्ट थकबाकी फ्रॉम सभासद व्हेअर नाव = 'गणपत'

नावाच्या दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्हे आहेत. ती माहितीभोवतीचे कुंपण होत. कुंपणाबाहेरचे तो हुकूम, आतली ती माहिती. सी शिकणारा मनुष्य पहिल्या दिवसांत काय करतो? एसप्रिंटएफ नावाचे फंक्शन घेतो, हुकुमाचे तुकडे आणि खिडकीवर सांगितलेले नाव एकमेकांना डकवतो, आणि ती माळ डेटाबेसकडे धाडून देतो. गणपत असेल तोवर काम सुरळीत चालते.

मग खिडकीवर डिसूझा येतात. मुंबईत आणि गोव्यात हे आडनाव किती घरांत आहे हे आपणांस सांगायला नको. रोमन लिपीत ते लिहिताना पुष्कळ जण 'डि' आणि 'सूझा' यांच्यामध्ये वर एक बारीक खूण देतात, आणि संगणकाच्या पाटीवर ती खूण म्हणजे तेच एकेरी अवतरणचिन्ह. डेटाबेस वाचू लागतो: कुंपण उघडले, डि, कुंपण मिटले. पुढचे 'सूझा' हे त्याला हुकुमातले शब्द वाटतात. तो हुकूम त्याला कळत नाही आणि तो चूक झाली म्हणून सांगतो. पलीकडे बसलेला कारकून डिसूझांना म्हणतो, तुमचे नाव चालत नाही. नाव बापजाद्यांपासून चालत आले आहे. चालत नाही तो कार्यक्रम.

ही झाली निरपराध माणसाची गोष्ट. आता लबाडाची ऐका. तो नावाच्या जागी असे लिहितो: ' ऑर '१'='१. ते डकवल्यावर हुकूम होतो: ज्याचे नाव रिकामे आहे, किंवा एक बरोबर एक आहे, अशा सर्वांची थकबाकी दाखव. एक बरोबर एक सदासर्वदा असतेच. म्हणून साऱ्या सभासदांचा तक्ता त्याच्यापुढे उघडा होतो. कुलूप फोडावे लागले नाही. पहारेकऱ्यानेच हुकूम समजून दार उघडले. या युक्तीचे वर्णन १९९८ च्या डिसेंबरात फ्रॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात उघडपणे छापले गेले. त्यानंतर सतरा वर्षांनी, २०१५ च्या ऑक्टोबरात, ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीची जुनी पाने याच युक्तीने फुटली. १,५६,९५९ ग्राहकांची खासगी माहिती चोरांच्या हाती गेली. त्यांतील १५,६५६ जणांचे बँक खात्याचे तपशीलही गेले. तेथील माहिती आयुक्तांच्या कचेरीने २०१६ साली कंपनीला चार लाख पौंड दंड केला. सतरा वर्षे उपाय ठाऊक असून तो योजला नव्हता. कारखान्यातील अपघातांची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

कोणी म्हणेल, माहितीत कुंपणाची खूण आली तर ती दुप्पट लिहावी, म्हणजे डेटाबेस तिला अक्षर समजेल. हा उपाय खरा आहे आणि त्यासाठी तयार फंक्शनेही आहेत. परंतु तो ठिगळ लावण्याचा उपाय आहे. शंभर ठिकाणी लावायचे आणि एके ठिकाणी विसरायचे, हे माणसाचे होणारच. शिवाय ठिगळाचे कापडही विरते. पोस्टग्रेसच्या मंडळींना २०२५ च्या फेब्रुवारीत स्वतःच्याच अशा फंक्शनांतील दोष दुरुस्त करावा लागला. मुद्दाम बिघडविलेली अक्षरे दिली, तर त्यांनी घातलेल्या कुंपणातूनही पीएसक्यूएल या साधनापुढे हुकूम घुसविता येत होता. जाणत्या कारागिरांची ही स्थिती, तर घाईत काम उरकणाऱ्याची काय कथा?

खरा उपाय कुंपण उंच करण्यात नाही. हुकूम आणि माहिती यांना एका पाकिटात घालूच नये, हा खरा उपाय आहे. आपण कचेरीत छापील फॉर्म वापरतो. मजकूर आधी छापलेला असतो, रिकाम्या जागा नंतर भरतात. नावाच्या जागी कोणी 'सर्वांची वर्गणी माफ' असे लिहिले, तरी वर्गणी माफ होत नाही. त्या विचित्र नावाचा सभासद सापडत नाही, इतकेच. पूर्वसिद्ध आज्ञा, ज्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात, ती अशीच असते.

सीमधून एसक्यूलाइटशी बोलताना हे कसे होते ते पाहू. आपण लिहितो:

सिलेक्ट थकबाकी फ्रॉम सभासद व्हेअर नाव = ? अँड टोकन = ?

प्रश्नचिन्हे म्हणजे रिकाम्या जागा. त्यांच्याभोवती अवतरणचिन्हे घालायची नाहीत; घातली तर ती जागा राहत नाही, प्रश्नचिन्ह नावाचे अक्षर होऊन बसते. हा मजकूर एसक्यूलाइट३_प्रिपेअर_व्ही२ या फंक्शनला द्यायचा. ते वाक्याचा अर्थ लावते, कोणता तक्ता कसा शोधायचा ते ठरवते आणि तयार आज्ञेचा एक हस्तक आपल्या हाती देते. विशेष हे, की ते एका वेळी एकच वाक्य तयार करते. अर्धविरामानंतर दुसरा हुकूम जोडलेला असला तर तो बाजूला राहतो.

दुसरी पायरी जागा भरण्याची. प्रत्येक प्रकारासाठी वेगळे फंक्शन आहे: मजकुरासाठी बाइंड_टेक्स्ट, पूर्णांकासाठी बाइंड_इंट६४, अपूर्णांकासाठी बाइंड_डबल, आणि 'माहीत नाही' यासाठी बाइंड_नल. जागांची मोजणी एकपासून होते. उत्तरातले रकाने मात्र शून्यापासून मोजतात. हा भेद नवख्याला पुष्कळ वेळ खायला लावतो.

तिसरी पायरी स्टेप. प्रत्येक वेळी हे फंक्शन एक ओळ आणून देते, आणि ओळी संपल्या की संपल्याची खूण देते. चौथी रीसेट, म्हणजे तोच फॉर्म पुढच्या सभासदासाठी पुन्हा कोरा धरणे. शेवटची फायनलाइझ, काम संपल्यावर हस्तक मोडीत काढणे. हजार सभासदांची वर्गणी नोंदवायची असली, तर आज्ञेचा अर्थ एकदाच लावला जातो आणि हजार वेळा नुसत्या जागा भरल्या जातात. वेळ वाचतो तो असा. पण वेळ वाचणे हा वरचा नफा आहे. मुद्दल आहे सुरक्षितता. आज्ञेचा अर्थ लागून गेल्यावर माहिती आत येते, म्हणून माहिती काहीही बोलली तरी तिला हुकुमाचा अधिकार मिळत नाही.

आता प्रकारांविषयी. माणसाची जात विचारू नये असे आपण म्हणतो. आकड्याची मात्र आधी विचारावी. एका कारखान्यात खात्यागणिक टोकन नंबर होते आणि काहींच्या आरंभी शून्ये होती. नव्या हजेरीच्या कार्यक्रमाने टोकन हा पूर्णांक धरला. ००४५ आणि ४५ ही दोन वेगळी माणसे होती. संगणकाने त्यांना एक केले. एकाच्या नावावर दुप्पट हजेरी चढली आणि दुसऱ्याच्या नावावर काही नाही. ते निस्तरायला आम्हांला दोन पगार लागले. नियम सोपा आहे: ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, ते नाव आहे. टोकन, फोन नंबर, फंडाचा नंबर हे मजकूर म्हणून बांधावेत.

फंडाचा नंबर पूर्णांक धरला, तर आणखी एक खड्डा आहे. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदाला मिळणारा यूएएन हा बारा अंकी असतो. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावते. हे झाले दहा अंक. मायएसक्यूएलच्या सी ग्रंथालयात मायएसक्यूएल_टाइप_लाँग असा प्रकार आहे. नाव लाँग, पण तो चार बाइटांचा असतो. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर सी भाषेचा लाँग आठ बाइटांचा. नाव सारखे पाहून एकाच्या जागी दुसरा दिला, तर डेटाबेस पहिले चारच बाइट वाचतो आणि मोठ्या आकड्याचा वरचा भाग मुकाट्याने गळून पडतो. बारा अंकांना लाँगलाँग हाच प्रकार लागतो. सीचा अनुवादक येथे आपल्याला सावध करीत नाही, कारण त्या ठिकाणी नुसता पत्ता दिलेला असतो. पत्त्यावर कोण राहतो ते तो विचारत नाही. सी भाषा कारागिरावर पूर्ण विश्वास टाकते. विश्वासाबरोबर जबाबदारीही येते.

पोस्टग्रेसची रीत निराळी. तेथे पीक्यूप्रिपेअर या फंक्शनाला जागा $१, $२ अशा क्रमांकांनी दाखवितात आणि प्रत्येक जागेचा प्रकार क्रमांकाने सांगता येतो: २३ म्हणजे चार बाइटांचा पूर्णांक, २० म्हणजे आठ बाइटांचा, २५ म्हणजे मजकूर. मग पीक्यूएक्झेकप्रिपेअर्ड या फंक्शनाने मूल्ये पाठवायची. ती अक्षरांत पाठविता येतात किंवा बाइटांत. बाइटांत पाठविली तर मोठा बाइट आधी, हा तेथला नियम आहे. आपले नेहमीचे संगणक लहान बाइट आधी ठेवतात. ५ हा आकडा न उलटता तसाच पाठविला, तर पलीकडे ८,३८,८६,०८० पोहोचतो. पाच दिवसांच्या रजेचे हे रूप पाहिले, तर कोणता मालक ती मंजूर करील? म्हणून निकड नसेल तेथे अक्षरांतच पाठवावे, हे उत्तम.

पैशांविषयी एकच सांगतो. डबल या प्रकारात दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, अचूक मावत नाही. द्विमान पद्धतीत तो न संपणारा अपूर्णांक होतो. एका नोंदीत फरक दिसत नाही, हजारांच्या बेरजेत दिसू शकतो. पगार पैशांत मोजून पूर्णांक म्हणून बांधावा, नाहीतर डेटाबेसचा दशमान प्रकार वापरावा.

आणि शून्य व 'माहीत नाही' यांतला भेद तर आपल्या लोकांनी कोरून ठेवावा. हजेरी शून्य, याचा अर्थ माणूस आला नाही. हजेरी नल, याचा अर्थ कोणी नोंदलीच नाही. पहिल्यात कामगाराचे उत्तर मागता येईल, दुसऱ्यात नोंदणाऱ्याचे. जो कार्यक्रम दोन्ही ठिकाणी शून्य बांधतो, तो मालकाचा निष्काळजीपणा कामगाराच्या खात्यावर लिहितो.

मराठीत नावे ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बाइंड_टेक्स्टला मजकुराची लांबी सांगतात ती बाइटांत, अक्षरांत नव्हे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'गणपत' ही चार अक्षरे म्हणजे बारा बाइट. चार अशी लांबी दिली, तर ग पूर्ण जातो आणि ण चा एक तृतीयांश तुकडा जातो. लांबीच्या जागी उणे एक दिला, तर शेवटच्या शून्य बाइटपर्यंतचा सारा मजकूर घेतला जातो. नाव ज्या जागेत ठेवले आहे, ती आज्ञा चालेपर्यंत बदलणार असेल, तर ट्रान्झियंट असे सांगून डेटाबेसला आपली नक्कल करून घ्यायला लावावी. नाहीतर गणपतच्या जागी पुढच्या माणसाचे नाव वाचले जाईल.

तशीच एक खोड रीसेटची. मी वर कोरा फॉर्म म्हटले. पण एसक्यूलाइटमध्ये रीसेट केल्याने आधी भरलेल्या जागा पुसल्या जात नाहीत. पुढच्या सभासदाची एखादी जागा भरायची राहिली, तर मागच्याचे मूल्य तेथे तसेच उभे असते. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या माथी जाते आणि चूक झाल्याची खूणही कोठे दिसत नाही. प्रत्येक जागा प्रत्येक वेळी भरावी, किंवा क्लिअर_बाइंडिंग्ज या फंक्शनाने सर्व पुसून घ्यावे. प्रत्येक फंक्शन परत जाताना काय सांगून गेले तेही वाचावे. पावती न वाचता फाडून टाकणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क राहत नाही.

या रीतीने सारे साधते असे मी म्हणणार नाही. रिकामी जागा मूल्यासाठी असते. तक्त्याचे किंवा रकान्याचे नाव तेथे घालता येत नाही. कोणत्या रकान्याने क्रम लावायचा हे खिडकीवरच्या माणसाने ठरवायचे असेल, तर मान्य नावांची यादी आपल्यापाशी ठेवावी आणि तिच्यातलेच नाव घ्यावे. फॉर्म छापतानाच कोणी बाहेरची माहिती हुकुमात डकवली, तर पुढे कितीही जागा नीट भरल्या तरी व्यर्थ आहे. भरलेली माहिती खरी आहे काय आणि ती पाहण्याचा अधिकार विचारणाऱ्याला आहे काय, हेही ही रीत पाहत नाही. खोटी हजेरी शुद्ध रीतीने बांधली, तर ती खोटीच राहते. तेथे माणसांचीच दक्षता हवी.

तरीही जे साधते ते थोडे नाही. खिडकीवर कोणीही येवो, त्याच्या नावात कोणतीही खूण असो, त्याचे बोलणे हे त्याचे बोलणे म्हणूनच नोंदले जाते. त्याला हुकूम मानून कोणी फसत नाही आणि त्याला चूक मानून कोणी परतवीत नाही. हे कार्यक्रम लिहिणारे तरुण-तरुणी आज पगारदारच आहेत, आणि घाईत लिही, नंतर सुधारू असे त्यांनाही वरून सांगितले जाते. यंत्राला जाळी नसेल तर यंत्र चालवणार नाही, असे म्हणण्याची शिकवण आपल्या चळवळीने खात्याखात्यांत दिली. डकवलेला हुकूम पाठवणार नाही, हे म्हणणे त्याच जातीचे आहे. आणि आपण जे या वह्यांत नुसती नावे म्हणून राहतो, त्यांनी पगारपत्रक हाती आल्यावर अंक वाचावेत, नावाचे अक्षर तपासावे, आणि तुमचे नाव चालत नाही असे कोणी म्हटले तर खिडकी न सोडता विचारावे: माझे नाव तुम्ही हुकुमात मिसळता, की त्याच्या जागेत ठेवता?